ऑपेरा हाऊसच्या गल्लीतले चार 'सी'

लग्न ठरलं की पहिल्या पंधरा दिवसांत तीन गोष्टी हमखास होतात. आईचा आवाज एक पट्टी वर चढतो, इन्स्टावर न मागता लेहेंग्यांचा पाऊस पडायला लागतो आणि कुणीतरी विचारतं, 'रिंग घेतली का गं?' आमच्या केसमध्ये हा प्रश्न विचारला त्याच्या टीम लीडने. झालं! पुढच्याच शनिवारी आम्ही दोघं एका उपनगरातल्या मॉलमधल्या चकाचक शोरूममध्ये, हातात फुकटची कोल्ड कॉफी घेऊन, काळ्या मखमलीसमोर बसलो होतो.

बजेट सव्वा लाख. म्हणजे त्याचा बोनस, अधिक माझी सात महिने लटकलेली बिलं (फ्रीलान्सर मंडळींना हा जोक कळेल), उणे रद्द केलेली लडाखची ट्रिप. काउंटरवरच्या मुलीने अंगठी पुढे केली. "मॅम, हाफ कॅरट, ईएफ-व्हीव्हीएस, फुल्ली सर्टिफाइड." मी मान डोलावली. मास कॉम केलेल्या माणसाला एक गोष्ट फार छान जमते, न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावणं. वरून बारा लाइट्स, खाली हिरा. असा काही चमकत होता की विचारायची सोय नाही. आम्ही दहा हजार टोकन भरलं, एस्टिमेटचा कागद घेतला आणि सेलिब्रेशन म्हणून पिझ्झा खाल्ला.

रात्री कॉलेजच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "वेडी आहेस का? उरलेले पैसे भरू नकोस. माझे काका ऑपेरा हाऊसला दलाल आहेत, आधी त्यांना दाखव."

दलाल हा शब्द आपल्याकडे शिवीच्या जवळपास जातो. पण चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून पाच मिनिटं चाललात की तो एकदम इज्जतीचा होतो.

ऑपेरा हाऊस म्हटलं की बहुतेकांना १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलेलं आणि इतकी वर्षं कुलूप खाल्ल्यानंतर २०१६ साली पुन्हा सुरू झालेलं ते देखणं थिएटर आठवतं. मुंबईच्या हिरेवाल्यांना मात्र 'ऑपेरा हाऊस' म्हणजे त्याच्या आसपासच्या चार-दोन गल्ल्या. पंचरत्न, प्रसाद चेंबर्स, टाटा रोड. बाहेरून बघाल तर कुठल्याही सरकारी ऑफिससारख्या कळकट बिल्डिंगा. खाली खाऊगल्ली, सँडविचवाले, आंगडियांची ऑफिसं आणि पांढऱ्या शर्टातली माणसं. त्या शर्टांच्या आतल्या खिशात कधी काळी काय काय फिरलं असेल याचा विचार केला की सँडविच गळ्याखाली उतरत नाही. कागदाच्या घडीत गुंडाळलेले हिरे! त्या घडीला पुडी म्हणायचं. बडीशेपेची असते तशीच.

आता इथली गर्दी पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१० साली बीकेसीमध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झालं आणि मोठ्या पेढ्या हळूहळू तिकडे गेल्या. १३ जुलै २०११च्या संध्याकाळी ऑपेरा हाऊस, झवेरी बाजार आणि दादर अशा तीन ठिकाणी स्फोट झाले. त्यानंतर जाणाऱ्यांचा वेग वाढला. काका त्या दिवसाबद्दल एवढंच म्हणाले, "मी सहा वाजता निघालो होतो, बेटा." मग थोडा वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

काका मूळचे पालनपूरचे, पण जन्म गिरगावातला. मराठी एकदम फर्डं, फक्त आकडे गुजरातीत. आठवड्यातून तीन दिवस बीकेसी, बाकीचे दिवस इथे चौथ्या मजल्यावर एक टेबल, एक वजनकाटा, एक चिमटा आणि खिडकी. खिडकी सगळ्यात महत्त्वाची, असं ते म्हणाले. का ते पुढे कळलं.

आधी चहा. मग एस्टिमेट. त्यांनी कागद वाचला, फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ईएफ म्हणजे काय, विचारलंस?"

मी पुन्हा मान डोलावणार होते. पण नाही म्हणाले.

"एका हिऱ्याला एक अक्षर. ई, नाहीतर एफ. दोन अक्षरं एकत्र आली की समजायचं, दाणे एकापेक्षा जास्त आहेत, किंवा हिरा सोन्यात बसवल्यावर तपासलाय. सुटा असतानाच त्याचा रंग नक्की सांगता येतो. ही बघ तुझी अंगठी." त्यांनी फोटोवर पेनाचं टोक ठेवलं. मधे एक, भोवती सहा. सात हिरे इतके चिकटून बसवलेले की लांबून एकच टपोरा खडा वाटावा. हाफ कॅरट खरं, पण सातांची बेरीज करून!

माझ्या डोळ्यांसमोर पटकन आजीच्या कुड्या आल्या. सात खड्यांचं फूल. अरे, ही तर कुडी आहे! आजीने हे एका सेकंदात ओळखलं असतं. फक्त आजीच्या कुडीला कुणी कधी 'सॉलिटेअर लुक' म्हटलं नव्हतं.

यात फसवणूक होती का? काका म्हणाले, कागदावर तरी नाही. कागदावर 'टोटल डायमंड वेट' लिहिलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. पण अर्ध्या कॅरटचा एक दाणा आणि सात मिळून अर्धा कॅरट, यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मोठा दाणा दुर्मीळ, त्यामुळे कॅरटमागे भावच वेगळा. आम्ही कुडीला सॉलिटेअरच्या थाटात पैसे मोजायला निघालो होतो. मी होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

मग सुरू झाला आमचा क्लास. कॅरट, कलर, क्लॅरिटी, कट हे चार सी तुम्ही जाहिरातीत ऐकले असतील. ही भाषा अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्याला रुळवली. त्याआधी जो तो आपल्या मनाने ग्रेड लावायचा. कुणी ए, कुणी डबल ए, कुणी 'ब्लू व्हाइट'. म्हणून यांनी जुन्या अक्षरांशी संबंधच नको म्हणत रंगाची पट्टी थेट डी पासून सुरू केली. डी म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ, आणि झेडकडे जाता जाता पिवळसर. तुमच्या मॅनेजरसारखी ही पट्टी 'ए'पासून का नाही असा प्रश्न पडला असेल तर हे उत्तर.

कॅरट हे वजन. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. मराठीत पंचाईत अशी की सोन्याची शुद्धता पण कॅरट आणि हिऱ्याचं वजन पण कॅरट. माझी आई अजून विचारते, 'अठरा कॅरटचा हिरा?' तेवढा परवडला असता तर मी हा लेख लिहीत बसले नसते.

काकांनी तीन पुड्या उघडल्या. प्रत्येकीत तीस सेंटचा एक दाणा. पांढऱ्या कागदाची घडी घातली, घडीच्या खोबणीत तिन्ही हिरे ठेवले. आणि काउंटरसारखे लाइट? एकही नाही. उलट टेबलावरचा दिवा बंद केला. खिडकीतून येणारा उजेड, बस्स. "शोरूमच्या लाइटखाली बाटलीची काच पण चमकते. हिरा दिवसाच्या उजेडात बघायचा."

"यातला सगळ्यात चांगला कुठला?"

आम्ही दोघांनी दोन वेगवेगळे दाखवले. काका खूश! मग त्यांनी तिन्ही दाणे पालथे घातले, टोक वर. आता एक दाणा स्पष्ट पिवळसर दिसला, मसाला दुधाचा एक थेंब पडल्यासारखा. तो 'के' होता. उरलेले दोन ई आणि एच. त्या दोघांत मला पालथे घालूनही फरक कळेना, सुलटे तर सोडाच. आणि भावात? ई चांगलाच महाग. "पिवळ्या सोन्यात बसवणार असशील तर एच, आय सुद्धा पांढरा दिसतो. सोनं त्याला सांभाळून घेतं. ई घेऊन पिवळ्या सोन्यात बसवणं म्हणजे पैसे समुद्रात."

मग आयग्लास. आपण ज्याला भिंग म्हणतो त्याला इथे आयग्लास म्हणतात. दहापट मोठं दिसतं, आणि क्लॅरिटी याच दहापटीवर ठरते. हिऱ्याच्या पोटात जन्मापासून बारीक ठिपके, पिसं, सुया असतात. आयग्लासमधूनही काही दिसलं नाही तर फ्लॉलेस. मग व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आणि शेवटी आय, ज्यातले डाग नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात. एकूण पायऱ्या अकरा. आमचं ते शोरूमवालं व्हीव्हीएस वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर. ऐकायला भारी. पण व्हीव्हीएस आणि व्हीएस यांच्यातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही! तो फक्त बिलावर दिसतो. चांगला निवडलेला एसआय-वनसुद्धा बोटावर स्वच्छ दिसतो.

आयग्लास धरायची पण एक ट्रिक आहे. तो डोळ्याला अगदी चिकटवायचा आणि हिरा जवळ आणायचा. मी आधी आजोबा पेपर वाचतात तसा लांब धरला होता. दुसऱ्या मिनिटाला फोकस लागला आणि माझ्या तोंडून 'आईशप्पथ' निघालं. आत एक अख्खं काचेचं शहर होतं.

या सगळ्यात कटबद्दल शोरूममध्ये कुणी चकार शब्द काढला नव्हता. काकांच्या मते तोच खरा राजा. रंग, डाग, वजन हे निसर्ग देतो. कट माणसाच्या हातात. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू. त्यांचे कोन बरोबर असले तर वरून शिरलेला उजेड आत फिरून पुन्हा वर येतो. तळ जास्त खोल किंवा जास्त उथळ राहिला की उजेड चाळणीतल्या पाण्यासारखा खालून गळतो. मग तो डी असो नाहीतर फ्लॉलेस, डोळा मेलेला. आणि तळ खोल का ठेवतात? वजन वाढवायला. वजन वाढलं की भाव वाढला. जीआयए २००६पासून गोल हिऱ्यांना कटची ग्रेड देते, एक्सलंटपासून पुअरपर्यंत. तुम्ही चारांपैकी एकाच सीवर हट्ट धरणार असाल तर या चौथ्यावर धरा, बाकीच्यांवर घासाघीस करा. हे माझं मत. काकांनी एवढं स्पष्ट सांगितलं नाही, शेवटी ते व्यापारी आहेत.

वजनाची अजून एक गंमत. भाव सरळ रेषेत चढत नाही, पायऱ्या पायऱ्यांनी चढतो. अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांवर तो टुणकन उडी मारतो. म्हणजे ५० सेंटऐवजी ४७ घेतला तर डोळ्याला कळत नाही, खिशाला कळतं. आणि निम्मं वजन म्हणजे निम्मा आकार असंही नाही. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर, तीस सेंटचा सव्वाचारच्या आसपास. म्हणजे वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी, पण रुंदी जवळजवळ दोन तृतीयांश.

हे सगळं ऐकूनही आमचे साहेब गप्प. शेवटी बोलले, "काका, पण तीस सेंट खूप छोटा वाटतो ना? आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या एक-एक कॅरटच्या आहेत." मी टेबलाखालून पाय मारला. काकांनी शांतपणे दुसरा ड्रॉवर उघडला आणि एक टपोरा दाणा कागदावर ठेवला. एक कॅरट, ई, व्हीव्हीएस, कट एक्सलंट. भाव सांगितला. आमच्या बजेटच्या निम्म्याहूनही बराच खाली.

लॅबचा.

"हा हिराच आहे हं. काच नाही, अमेरिकन डायमंड नाही," काका म्हणाले. (अमेरिकन डायमंड हे एक अजब प्रकरण आहे. ते अमेरिकनही नाही आणि डायमंडही नाही, झिर्कोनिया आहे.) लॅबचा हिरा म्हणजे तोच कार्बन, तोच कडकपणा, तीच चमक. जमिनीखाली शंभर कोटी वर्षं आणि त्याहून जास्त लागतात ते मशिनमध्ये काही आठवड्यांत होतं. आयग्लासने काकांनाही खात्रीने ओळखता येत नाही, त्याला वेगळं मशिन लागतं. सुरतेत असे हिरे आता धडाक्यात तयार होतात. जून २०२३मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरटचा हिरा लॅबचाच होता.

मग अडचण काय? पहिली, भाव. गेल्या काही वर्षांत तो धाडधाड खाली आलाय, कारण मशिनं वाढली की हिरे वाढतात. विकायला गेलात तर घेणारा शोधावा लागेल. (खाणीतला विकतानाही तुम्ही दिलेली किंमत हातात येत नाही. हिरा ही इन्व्हेस्टमेंट आहे असं जो सांगतो त्याला नमस्कार करून उठा.) दुसरी, लॅबमध्ये बहुतेक माल वरच्याच ग्रेडचा निघतो, त्यामुळे ई-व्हीव्हीएसचं कौतुक उरत नाही. जीआयएने तर ऑक्टोबर २०२५पासून लॅबच्या हिऱ्यांना ही अक्षरं देणंच बंद केलं. आता नुसतं 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'.

खरं सांगू? लॉजिक विचाराल तर आम्ही तोच घ्यायला हवा होता. एक कॅरट बोटात, लडाख परत प्लॅनमध्ये. आम्ही 'विचार करतो' म्हणून खाली उतरलो आणि खाऊगल्लीच्या तोंडाशी आमचं सॉलिड वाजलं. तो म्हणाला, लॅबचा घेऊ, कुणाला कळणार आहे? मी म्हणाले, लपवायचं असेल तर घेऊच नको, सांगायची हिंमत असेल तर घेऊ. तो म्हणाला, तुला काय, तुझ्या फील्डमध्ये कुणी अंगठ्या बघत नाही. मी म्हणाले, म्हणजे अंगठी माझ्यासाठी नाही, तुझ्या टीम लीडसाठी आहे तर! पुढची दहा मिनिटं छापण्यासारखी नाहीत. शेजारी सँडविचवाला शांतपणे काकडी कापत होता. हिऱ्यांच्या बाजारात त्याने अशी भांडणं किती बघितली असतील कोण जाणे.

शेवटी गिरगावात जाऊन मिसळ खाल्ली. तिखटाने राग उतरतो हा माझा अनुभव. चौथ्या पावाला तो म्हणाला, "तो मधला परत बघू या का?"

मधला म्हणजे एच. व्हीएस-टू, कट एक्सलंट, तीस सेंट. मगाशी आयग्लासमधून त्याला कडेला एक बारीक ठिपका दिसला होता, पोस्ताच्या दाण्याच्याही शतांश. काकांनी सांगितलं होतं, प्रत्येक हिऱ्याचा ठिपका वेगळा. "म्हणजे हजारांत टाकला तरी आपला ओळखता येईल," तो म्हणाला. मोठा हवा म्हणून तासभर भांडलेला माणूस एका डागावर भाळला होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा मिसळ मागवावी लागली असती.

काकांनी माल जांगडवर दिला. म्हणजे चिठ्ठी लिहून, नेऊन बघा, पसंत नसेल तर परत आणा. हा अख्खा बाजार या चिठ्ठीवर आणि शब्दावर चालतो. अर्थात ती सोय ओळखीतली. तुम्हा-आम्हाला रस्त्यावरून जाऊन कुणी जांगड देणार नाही, आणि देत असेल तर दोनदा विचार करा. आपल्याला हमी म्हणजे लॅबचा रिपोर्ट. रिपोर्टचा नंबर लेझरने हिऱ्याच्या कमरेवर कोरलेला असतो. तो आयग्लासमधून वाचायचा आणि संस्थेच्या साइटवर टाकून पडताळायचा. दुकानाने स्वतः छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे रिपोर्ट नव्हे. आमच्या 'फुल्ली सर्टिफाइड'च्या मागे असंच एक कार्ड होतं.

अंगठी घडवली झवेरी बाजारात. मुंबादेवीच्या मागच्या गल्लीत, लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर, जिथे बंगाली कारागीर मांडी घालून एका रांगेत बसतात आणि पंखा लावत नाहीत, सोन्याची धूळ उडते म्हणून. अठरा कॅरट पिवळं सोनं, चार काट्यांचं साधं कोंदण. ओळखीच्या पेढीने हॉलमार्क करून दिला. आत ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, जो बीआयएसच्या अ‍ॅपवर तपासता येतो. बिलावर तीन टक्के जीएसटी. काकांनी बजावलं होतं, हिऱ्याचा नंबर बसवायच्या आधी बघ आणि बसवल्यावर परत बघ. मी बघितला. कारागीर हसला, पण रागावला नाही.

जायचं असेल तर ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ गिरगाव आणि काळबादेवीला थांबते. तीच लाइन बीकेसीलाही जाते, म्हणजे हिऱ्यांचा जुना आणि नवा पत्ता आता एका तिकिटात. रविवारी जाऊ नका.

शोरूमचं टोकन परत मिळालं नाही. दोन चकरा आणि एका चढ्या आवाजानंतर व्हाउचर मिळालं, सहा महिन्यांत वापरायचं. त्यात चांदीची दोन निरांजनं आली.

आणि आजी? तिने अंगठी हातात घेतली, खिडकीशी गेली (काका, बघताय ना?), फिरवून फिरवून बघितली. "हिरा लाभायला लागतो," म्हणाली, आणि उशाखाली ठेवून झोपली. तीन रात्री. चौथ्या दिवशी चहा घेताना आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"झोप बरी लागली," ती म्हणाली. "कितीला पडला?"